गुरुवार कुणाचा

मी एका म्हातारीच्या हातातून पुस्तक काढून घेतलं होतं. भर विहारात, तीस-चाळीस माणसांसमोर, आणि तेही गोड आवाजात. "आत्याबाई, तुमी बसा. मी वाचते." आत्याबाई म्हणजे माझी सासू. हिसकलं असतं तर बरं झालं असतं, चार बाया तिच्या बाजूनं माझ्याशी भांडल्या तरी असत्या. मी अलगद घेतलं. पदर डोक्यावर घेऊन, नम्रपणे. त्यामुळे सगळ्यांना ती सेवा वाटली. मलाही.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, नागपूरहून बी.ए. करून आलेली, आणि अशी मूर्ख की आज ती सत्तावीसची पोरगी समोर आली तर तिला मी दारातूनच हाकलून देईन. पाणीही विचारणार नाही.

वर्षावास परत आला की ही सत्तावीसची बाई माझ्या डोक्यात येऊन बसते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तीन महिने, रोज संध्याकाळी आमच्या विहारात ग्रंथाचं वाचन चालतं. प्रत्येकाचा वार ठरलेला. त्या काळी विहारावर सिमेंटचे पत्रे होते आणि भिलाईचा पाऊस त्या पत्र्यांवर असा पडायचा की शेजारी बसलेलीचं बोलणं ओठांवरून वाचावं लागे. दाराशी ओल्या चपलांचा ढीग, कोपऱ्यात टेकवलेल्या छत्र्यांखाली साचलेलं पाणी, पांढऱ्या लुगड्यांना येणारा न वाळल्याचा वास, मेणबत्ती आणि अगरबत्ती. खिडकीतून पोलादाच्या कारखान्याकडचं आभाळ दिसे. तिकडे तापलेला स्लॅग, म्हणजे लोखंडाचा वितळलेला मळ, ओतला की पावसाळी ढग खालून नारिंगी व्हायचे, आणि मुलं वाचन सोडून तिकडे पाहायची. मोठेही पाहायचे, पण मान न वळवता.

गुरुवार आत्याबाईंचा होता. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून आलेली ही बाई चाळिशी उलटल्यावर सेक्टरच्या शाळेतल्या संध्याकाळच्या वर्गात पाटी घेऊन गेली आणि वाचायला शिकली. तिचं वाचन म्हणजे चिखलातून सायकल ढकलणं. "त-था-ग-तां-नी" असं एकेक अक्षर पुढे सरकायचं. एका पानाला अर्धा तास. जोडाक्षर आलं की ती थांबायची, चष्मा वर करायची, आणि बायांमधून कुणीतरी ओरडायची, "प्रज्ञा हाय वो मायबाई, प्रज्ञा!" "मले दिसून राहिलं," आत्याबाई म्हणायची, "मी तिले जरा बसू देऊन राहिली." मग हशा. मग पुन्हा सायकल.

अर्ध्या तासात काय काय व्हायचं ते मला आता समजतं. ती सेक्टर दहाच्या क्वार्टरपासून विहारापर्यंत चालत यायची, चिखल चुकवत, वाटेत चौघींशी भांडत. आदल्या दिवशी दुपारी तेच पान घरी तीनदा वाचून पाहायची. ऐकायला कमी येऊ लागलं होतं म्हणून कान टवकारून बसायची. परतताना वाचलेल्या पानावर वाद घालायची, आणि वादात हरली तर दुसऱ्या दिवशी नवा मुद्दा घेऊन त्या बाईच्या दारात. पाय, डोळे, कान, जीभ, डोकं आणि शेजारीण, आठवड्यातून एकदा सगळ्यांना कामाला लावणारा तो एक गुरुवार होता. मला त्यात फक्त अडखळणं दिसलं.

त्या दिवशी कुठल्याशा ऑफिसरची बायको पहिल्यांदा विहारात आली होती. तिची साडी कोरडी होती, एवढंच मला आठवतं. बाहेर धो धो पाऊस आणि हिची साडी कोरडी! मला आमच्या ओलेपणाची, पत्र्यांची आणि सासूच्या त-था-ग-ताची लाज वाटली. म्हणून तो गोड आवाज. उरलेलं पान मी असं वाचलं, जसं दुर्ग स्टेशनवर गाड्या सांगतात. खणखणीत, एकही श्वास न चुकवता, एकही शब्द न समजता. "किती सुंदर वाचते हो तुमची सून," कोरडी साडी म्हणाली. आत्याबाईंनी मान हलवली. ती हसलीसुद्धा. त्या हसण्याकडे मी नीट पाहिलं नाही, कारण मी फुगत होते.

पुढच्या गुरुवारी मीच वाचलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी तिनं घरी पुस्तक उघडलंच नाही.

मला वाटतं सत्कार्याची एकदा चटक लागली की माणूस थांबत नाही. पुस्तकानंतर मी तिची बाजाराची पिशवी घेतली. "आत्याबाई, तुमी कावून जाता चिखलात?" मग भाजी निवडणं घेतलं. पावसाळ्यात तरोट्याची कोवळी पानं खुडायला ती क्वार्टरांमागच्या मैदानात जायची. छत्तीसगढी शेजारणी त्याला चरोटा म्हणतात, आणि त्यांच्याशी तिचा नावावरून रोजचा तंटा असायचा. तेही मी बंद केलं, गवतात साप असतात म्हणून. विहारात न्यायला रिक्षा लावली. मग पाऊस फार आहे म्हणून रिक्षाही बंद केली. व्हरांड्यात निवारची खुर्ची ठेवली आणि तिला म्हटलं, "आता आराम करा." शेजारणी म्हणाल्या, सून असावी तर अशी. सेवा हा शब्द कुणी माझ्यासमोर उच्चारला की मला अजून कुणीतरी शिवी दिल्यासारखं वाटतं.

कान तर आम्ही सगळ्यांनी मिळून घालवले. तिला ओरडून सांगावं लागायचं, म्हणून आम्ही कमी सांगू लागलो. मग फक्त जेवायला ये, औषध घे एवढंच. मग तेही हातानं खुणावून. घरात पाच माणसं बोलत असायची आणि ती खुर्चीत बसून आमचे ओठ पाहायची. तिच्या कानाला यंत्र लागेल असं कुणाला सुचलं नाही. म्हातारी आहे, ऐकू येत नाही, हेच आम्हाला उत्तर वाटायचं.

काही वर्षांत ती वार विसरली. मग आपण कुठल्या गावात आहोत ते. एका भाद्रपदात, शेजारच्या घरातून तीजेच्या सणाच्या ठेठरी तळल्याचा वास येत होता, तिनं मला हाताला धरून विचारलं, "बाई, माही पाटी कुठं ठेवली? वर्गाले उशीर होऊन राहिला." मला ती मास्तरीण समजत होती. मी तिला पाटी दिली नाही. "असं करू नये आत्याबाई," म्हणून पांघरूण दिलं. घरात मुलांची पाटी होती. चार पावलांवर होती.

माझे यजमान कारखान्यात कोक ओव्हनला होते. ते आता नाहीत. ते सांगायचे की त्या भट्ट्या एकदा पेटवल्या की थंड होऊ द्यायच्या नसतात. संप असो, सण असो, माल कमी असो, आच राखावीच लागते. थंड पडली की आतल्या विटा तडकतात, आणि मग कितीही जाळ करा, ती भट्टी पहिली राहत नाही. हे मी लग्नापासून ऐकत होते. जेवण वाढताना ऐकायचे, हं हं म्हणायचे. घरातली भट्टी मी माझ्या हातानं थंड केली आणि वरून शेजारणींकडून शाबासकी घेतली. बी.ए.!

आता मी एकाहत्तर वर्षांची आहे, आणि गेल्या उन्हाळ्यात घराची किल्ली तांदळाच्या डब्यात सापडली. दूध दोनदा जळलं. सुपेल्याच्या बाजारातून रुआबांध्याला, स्वतःच्या घरी येताना, एका वळणावर मी उभी राहिले आणि दोन मिनिटं मला कळेना की डावीकडे जायचं का उजवीकडे. दोनच मिनिटं. मी कुणाला सांगितलं नाही. एका गाईकडे पाहत असल्याचं सोंग केलं. गाईनंही माझ्याकडे पाहिलं. तिला रस्ता माहीत होता.

किल्लीचं मात्र सुनेला कळलं, कारण तांदूळ तिनं काढले. सारिका माझी सून, पद्मनाभपूरची, शाळेत शिकवते, आणि माझ्याहून दसपट हुशार आहे हे मी तिला मेल्यावर सांगणार आहे. तिनं मला डॉक्टरकडे नेलं. भिंतीवर मेंदूचं चित्र होतं, चिरलेल्या फुलकोबीसारखं. डॉक्टर तरुण होता. त्यानं मला महिना विचारला, वार विचारला, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. मी म्हटलं, "तू कर, मी तपासते." सारिकानं माझ्या पायावर पाय दिला.

त्याला मी एकच प्रश्न खरा विचारला. माणसाचं वाचणं, चालणं, भांडणं बंद केलं तर असा आजार होतो का? तो म्हणाला, एका गोष्टीनं होतो असं म्हणता येत नाही, आजाराला त्याच्या वाटा असतात, आणि सगळं नीट करणाऱ्यालाही तो होतो. पण चालत राहिलं, बीपी-शुगर ताब्यात ठेवली, झोप नीट घेतली, माणसांत बसलं, डोक्याला नवं काम दिलं आणि कान तपासून घेतले, तर माणूस टिकायची शक्यता वाढते. म्हणजे त्यानं मला निर्दोषही सोडलं नाही आणि फाशीही दिली नाही. असले लोक मला आवडत नाहीत. मला निकाल हवा होता.

त्यानंतर घरात माझ्या मेंदूचा उत्सव सुरू झाला. रायपूरला नोकरीला असलेल्या मुलानं अक्रोड पाठवले. ते मी खारींना घातले. पेरूच्या झाडावरच्या दोन खारी आता बहुधा पाढे म्हणत असतील. त्यानं फोनमध्ये मेंदूच्या व्यायामाचे खेळ टाकून दिले. ते मी नातीकडून खेळवून घेतले. चिनू दहावीत आहे, घरात मराठी अन् बाहेर हिंदी, आणि भांडताना दोन्ही. ती खेळली आणि फोननं जाहीर केलं की माझा मेंदू तेवीस वर्षांचा आहे.

"आजी, मुबारक हो! तू तो मेरी दीदी निकली."

"पुसून टाक ते," मी म्हटलं. "तेवीसचा मेंदू मी वापरून पाहिला हाय. सडका होता."

चालणं मात्र मी धरलं. गोळी वेळेवर घेते. मीठ कमी केलं, शिव्या देत. रोज सकाळी चिनूच्या पुस्तकातली एक छत्तीसगढी गोष्ट मोठ्यानं वाचते आणि ती माझे उच्चार सुधारते, खी खी करत. अडखळणं किती मेहनतीचं काम आहे हे मला एकाहत्तराव्या वर्षी समजलं. सगळं केलं. एक कानाचं सोडून. कान तपासायचा विषय निघाला की मी उठून कुकर बघायला जाते. कुकर लावलेला नसला तरी. तो यंत्राचा किडा कानात घालून मी विहारात बसणार? सगळ्या जगाला दाखवत, की पाहा, ही म्हातारी झाली? लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, त्याला मी काय करू? हल्ली सगळेच पुटपुटतात.

आणि मग या आषाढात विहारातून फोन आला. वाचनाची यादी करणारी मुलगी, प्रणाली. "जयभीम काकू. या साली तुमचा गुरुवार सारिका वहिनीच्या नावावर टाकला, सांगायचं होतं."

"कोणी सांगतलं टाकाले?"

पलीकडून काहीतरी पुटपुट. मी फोन ठेवला. सारिका पोळ्या करत होती.

"माहा गुरुवार कोणी काढला?"

"मीच म्हटलं प्रणालीले," तिनं मागे न वळता, पण मोठ्यानं सांगितलं. "तुमाले त्रास होते आई. मागच्या वर्षी दोन ओळी सोडल्या होत्या तुमी. लोक हसतात, ते मले नाही पाहवत. तुमी बसा आरामात, मी वाचीन."

बसा. आरामात. मी वाचीन. माझ्या अंगाला आग लागली. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण हे तिच्या शाळेतल्या मुलींच्या हाती पडू शकतं. तिच्या माहेरापर्यंत गेले, पद्मनाभपूरच्या पाण्यापर्यंत गेले. ती रडली नाही. तव्यावरची पोळी जळू दिली आणि म्हणाली, "झालं?" मग मी तिला आत्याबाईंचं पुस्तक सांगितलं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, आणि तेही ओरडून, बोट नाचवत, जणू ते पुस्तक सारिकानंच काढून घेतलं होतं.

ती गॅस बंद करून पाटावर बसली. म्हणाली, "मंग तुमाले लाज माह्याकडून कावून वसूल कराची हाय?"

मी कुकर बघायला गेले.

पण गुरुवार परत मिळाला. अट एकच, सारिका शेजारी बसणार. मी म्हटलं, बस. पोलीस बसतो तशी बस.

विहारावर आता स्लॅब आहे. पाऊस आवाज न करता पडतो, निदान मला तरी तसं वाटतं. चपला तशाच ओल्या. मी आदल्या दिवशी ते पान तीनदा वाचलं होतं. वंदना झाली, पंचशील झालं, मी ग्रंथ उघडला. पहिला परिच्छेद छान गेला. मी हळू वाचत होते, मुद्दाम, स्टेशनसारखं नाही. दुसराही गेला. मग माझी नजर वर गेली, खिडकीत आभाळ नारिंगी झालं होतं. फारतर एक क्षण. खाली पाहिलं आणि अक्षरं सगळी अनोळखी. कुठे होते मी? एक ओळ ओळखीची वाटली, तिथून सुरू केलं. वाचत गेले. वाक्यं फार सोपी जात होती, आणि मला आत कुठेतरी वाटत होतं की ही इतकी सोपी का जातायत. पण मी थांबले नाही. थांबले तर त्या वळणावर उभी राहीन, गाय समोर घेऊन, आणि या वेळी सगळे पाहत असतील. मी आवाज चढवला.

आणि शेजारून सारिकाचा हात पुस्तकाकडे आला.

मी त्या हातावर फाडकन चापट मारली. विहारात, पंचशील घेऊन पंधरा मिनिटं झाली नव्हती. हात मागे गेला. माझ्या तोंडून निघालं, "खबरदार." सगळं विहार स्तब्ध. मला वाटलं, पाहा, धाकात आहेत. मी ते पान शेवटपर्यंत वाचलं, पुस्तक माथ्याला लावलं आणि एखादा किल्ला राखल्यासारखी बसून राहिले.

नंतर खीर वाटली. माझ्याशी कुणी काही बोललं नाही, किंवा बोललं असेल. प्रणालीचे ओठ हलले, मी हसून मान डोलावली. ती गोंधळून पाहत राहिली, म्हणजे मान हलवायचा प्रश्न नसावा.

परतताना सारिकानं छत्री धरली. तिच्या हातावर माझी चार बोटं उमटलेली दिव्याखाली दिसत होती. मी म्हटलं, "पाहिलं? वाचलं का नाही मी पुरं?" रुआबांध्याच्या वळणाशी आल्यावर ती थांबली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तिचा चेहरा मला पूर्ण दिसेल अशी, आणि हळू नाही, ओरडूनही नाही, एकेक शब्द सुटा करत बोलली. ते मी जसंच्या तसं लिहून ठेवते आहे, कारण उद्या मी ते माझ्या सोयीनं विसरेन:

"आई, तुमी एकच पॅरा दोन डाव वाचला. त्याचं काई नाही, वाचा. पण सगळ्या बाया 'काकू, पुढचं, पुढचं' म्हणून राहिल्या होत्या, पाच मिनिटं, अन् तुमाले एकीचाबी आवाज आला नाही. म्हणून मी ओळीवर बोट ठेवाले हात केला होता. पुस्तक घ्याले नोता केला. पुढच्या गुरुवारीबी तुमीच वाचजा, मारा लागलं तं माराबी. पण सोमवारी मी सुट्टी टाकली हाय, अन् तुमी माह्यासंग कानाच्या डॉक्टरकडे चालून राहिल्या. आत्याबाईले कोणी नेलं नाही ना? मी नेऊन राहिली."